'बंद आहे' लिहिलेलं मशीन आणि आपली लॅब

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

आजचा भाग बायोमेडिकल इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांसाठी आहे, शिकवणाऱ्यांसाठी आहे, आणि घरात बीपीचं मशीन किंवा ऑक्सिमीटर असलेल्या सगळ्यांसाठीही आहे. विषय आहे लॅब. आठवड्यातून एकदा दोन तास जे होतं आणि वर्षाच्या शेवटी ज्याचं एक सुबक कव्हर घातलेलं जर्नल तयार होतं, ते प्रॅक्टिकल. त्यातून हाताला नेमकं काय येतं आणि काय यायला हवं, हे आज बघू.

तुम्ही कुठल्याही मोठ्या रुग्णालयात गेलात तर व्हरांड्यात नाहीतर स्टोअरच्या कोपऱ्यात एखादं मशीन भिंतीला टेकून उभं असतं. त्यावर चिकटपट्टीने कागद लावलेला असतो: 'बंद आहे'. का बंद आहे असं विचारलं तर दोनच उत्तरं मिळतात. एक, पार्ट मिळत नाही. दोन, दुरुस्त करणारा माणूस नाही. ही उत्तरं इतकी ठरलेली आहेत की ती खरी आहेत का, हे कुणी तपासायला जात नाही.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या रॉबर्ट माल्किन यांनी ते तपासलं. त्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. आफ्रिका, आशिया, युरोप आणि मध्य अमेरिकेतले ११ देश, तिथली साधनं कमी असलेली ६० रुग्णालयं, आणि दुरुस्तीच्या २,८४९ विनंत्या. त्यातली २,५२९ उपकरणं बंद पडलेली होती. अट एकच: दुरुस्ती करायची ती स्थानिक बाजारात मिळणाऱ्या सामानातून, पार्ट बाहेरून मागवायचा नाही. हे काम इंजिनिअर करत होते आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थीही करत होते. किती मशीन सुरू झाली असतील? १,८२१. म्हणजे ७२ टक्के!

आता खरी गंमत पुढे आहे. या दुरुस्त्यांना नेमकं कुठलं ज्ञान लागलं, याचीही त्यांनी नोंद केली. इलेक्ट्रिकल १८ टक्के, मेकॅनिकल १८ टक्के, पॉवर सप्लाय १४ टक्के, मोटर ५ टक्के. प्लंबिंग, हो, नळ्या-गळती-व्हॉल्व्ह वगैरे, १९ टक्के. आणि सगळ्यात मोठा वाटा, २५ टक्के, कशाचा? मशीन नीट बसवणं आणि वापरणाऱ्याला नीट शिकवणं. म्हणजे चारातल्या एका 'बंद' मशीनमध्ये तुटलेलं असं काही नव्हतंच. शेवटी त्यांनी मूलभूत कौशल्यांची यादी केली. ती निघाली १०७. तेवढ्या कौशल्यांवर बंद पडलेल्यांपैकी ६६ टक्के उपकरणं पुन्हा चालू होत होती.

हा आकडा ऐकला की माझ्या मनात एकच प्रश्न येतो. चार वर्षं शिकून बाहेर पडणाऱ्या आपल्या मुलांना या १०७ पैकी किती गोष्टी स्वतःच्या हाताने येतात?

आपलं प्रॅक्टिकल कसं होतं

तुम्हाला हे चित्र ओळखीचं वाटेल. टेबलावर ट्रेनर किट. आतलं सर्किट तयार, बाहेर फक्त सॉकेट आणि पॅच कॉर्ड. किटभोवती पाच जण. एक जण नॉब फिरवतो, एक जण रीडिंग सांगतो, तिघं लिहून घेतात. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. निष्कर्ष आधीपासून माहीत, कारण सीनियरचं जर्नल व्हॉट्सॲपवर आलेलं असतं. ग्राफ जुळला नाही तर एखादा बिंदू हळूच सरकवला जातो. मग सबमिशन, सही, व्हायवा, संपलं.

यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. बॅच मोठी, किट दोन, वेळ कमी, आणि मार्क मिळतात ते उत्तर जुळल्याबद्दल. पण या पद्धतीत एक गोष्ट कधीच घडत नाही: मशीन बिघडत नाही. आणि नोकरीला लागल्यावर बायोमेडिकल इंजिनिअरला फोन येतो तो मशीन बिघडल्यावरच! चालू मशीनसाठी त्याला कोण बोलावणार?

म्हणून माझं आजचं म्हणणं साधं आहे. लॅबमध्ये चालू मशीनवर रीडिंग घ्यायला शिकवतो, तसं बिघडलेल्या मशीनवर बिघाड शोधायलाही शिकवायला हवं. मुद्दाम बिघडवून, ठरवून, आणि प्रत्येकाच्या हातात देऊन.

ईसीजीचं उदाहरण घेऊ

ईसीजी आपल्या अभ्यासक्रमात असतोच. कातडीवर मिळणारा हृदयाचा सिग्नल साधारण १ मिलिव्होल्टचा. पुस्तकात लिहिलेलं असतं की तो १,००० पट वाढवला की १ व्होल्ट होतो आणि स्क्रीनवर छान दिसतो. मुलं ब्रेडबोर्डवर एडी ६२० सारखी इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायरची चिप लावतात, रेझिस्टर काढून गेन १,००० करतात, ९ व्होल्टची बॅटरी जोडतात. आणि आउटपुट? एका टोकाला जाऊन चिकटतं. सरळ रेघ.

हा क्षण शिकवण्यासाठी सोन्यासारखा असतो. इथे सरांनी किंवा मॅडमनी लगेच येऊन 'अरे, गेन कमी कर' असं सांगितलं तर तो वाया जातो. त्यांना मल्टिमीटर द्या आणि दोन इलेक्ट्रोडमधला डीसी व्होल्टेज मोजायला सांगा. कातडी, जेल आणि धातू यांच्यामध्ये स्वतःचा एक व्होल्टेज तयार होतो, तो कित्येक मिलिव्होल्टचा असू शकतो. समजा तो ५० मिलिव्होल्ट निघाला. गुणिले १,००० म्हणजे ५० व्होल्ट. बॅटरी किती? ९ व्होल्ट! मुलं एकमेकांकडे बघतात आणि स्वतःच म्हणतात, पहिल्या टप्प्यात गेन थोडा ठेवू, मग डीसी अडवू, आणि उरलेला गेन नंतर देऊ. आता हे त्यांना परीक्षेसाठी पाठ करावं लागत नाही.

पुढची पायरी ५० हर्ट्झची. भिंतीतल्या वायरिंगमधून आपल्या शरीरावर मेन्सचा सिग्नल येतो, आणि स्क्रीनवर ईसीजीऐवजी जाड, थरथरती पट्टी दिसते. बहुतेक मुलं म्हणतात, चिप खराब आहे. काही म्हणतात, नॉच फिल्टर लावू. त्याआधी एक काम करायला सांगा. जुना सुकलेला इलेक्ट्रोड काढा, कातडी स्पिरिटने पुसा, हलक्या हाताने घासा, नवा इलेक्ट्रोड लावा. पट्टी बारीक होते. का? ॲम्प्लिफायर दोन हातांवरच्या सिग्नलमधला फरक घेतो. मेन्सचा त्रास दोन्हीकडे सारखा असेल तर वजाबाकीत तो निघून जातो. पण एका बाजूचा संपर्क खराब असेल तर दोन्हीकडे तो सारखा राहत नाही, आणि मग महागडी चिपसुद्धा तो काढू शकत नाही. यानंतर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, लीडच्या वायरी एकमेकींना पीळ घालून बघा, पायाला तिसरा इलेक्ट्रोड लावून बघा. दर वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहायचं.

आणि तिसरी पायरी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डाव्या आणि उजव्या हाताच्या लीडची अदलाबदल करा, पण मुलांना सांगू नका. लीड १ मधली लाट उलटी होते. मशीन ठीक, सिग्नल स्वच्छ, आवाज नाही, आणि तरी कागदावर आलेली गोष्ट चुकीची. वॉर्डात हेच झालं तर डॉक्टरांच्या मनात नसलेल्या आजाराची शंका येऊ शकते. ज्याने लॅबमध्ये ही उलटी लाट एकदा स्वतः पकडली आहे, तो पुढे कुठल्याही ईसीजीकडे बघताना आधी लीड बघेल.

जाता जाता सांगते, या सगळ्याची सुरुवातही फार साधी होती. लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली माणसाच्या हृदयाचा विद्युत सिग्नल पहिल्यांदा नोंदवला. त्यांचा जिमी नावाचा कुत्रा मिठाच्या पाण्यात पाय ठेवून प्रात्यक्षिकाला उभा राहायचा! पुढे आइंटहोवेन यांनी, ज्यांना १९२४ चं नोबेल मिळालं, माणसांचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात ठेवून ईसीजी घेतले. म्हणजे कातडी आणि वायर यांचा संपर्क चांगला कसा करायचा, हा प्रश्न अगदी पहिल्या दिवसापासून आहे.

तुमच्या घरातली लॅब

आता जे कॉलेजात नाहीत त्यांच्यासाठी. कोविडच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले. ड्रॉवरमध्ये असेल अजून. जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात ही कल्पना मांडली. बोटातून दोन प्रकारचा प्रकाश जातो, साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा इन्फ्रारेड. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. त्यातला नाडीबरोबर कमीजास्त होणारा भाग वेगळा काढून मशीन आकडा सांगतं.

प्रयोग करा. आधी नेहमीसारखं रीडिंग घ्या. मग हात गार पाण्यात थोडा वेळ धरून, पुसून, पुन्हा घ्या. गडद नेलपॉलिश लावलेल्या बोटावर घ्या. बोट हलवत घ्या. आकडा बघू नका, आधी नाडीची लाट किंवा उड्या मारणारी पट्टी बघा. ती नीट नसेल तर वरच्या ९६ ला किंवा ८९ ला काही किंमत नाही.

हे फक्त खेळण्यापुरतं नाही हं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की ऑक्सिमीटरवर आकडा ठीक दिसत असताना रक्ततपासणीत ऑक्सिजन धोकादायकरीत्या कमी निघण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होतं. त्वचेचा रंगही मोजमापात येतो. उपकरण तेच, चालू, प्रमाणित. आकड्यावर शंका घेण्याची सवय ज्या इंजिनिअरला लॅबमध्ये लागली नाही, तो पुढे असंच उपकरण तयार करेल.

हात लावायचा, पण कुठे नाही

हे सगळं ऐकून उद्याच कुणी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसणार असेल तर थांबा. हाताने काम करायला शिकवणं म्हणजे हात कुठे लावायचा नाही हेही शिकवणं.

विद्यार्थ्याच्या अंगाला जोडलेलं घरगुती सर्किट फक्त बॅटरीवर चालवायचं. त्याला जोडलेला लॅपटॉपही चार्जर काढून, बॅटरीवर. ज्या डीएसओला मेन्सची वायर आहे, तो माणसाला जोडलेल्या सर्किटला थेट जोडायचा नाही. डिफिब्रिलेटर उघडायचा नाही. त्यातला कपॅसिटर ३६० ज्यूलपर्यंत ऊर्जा सोडतो आणि स्विच बंद केल्यावरही भरलेला राहू शकतो. रुग्णाला लावलेल्या मशीनला वॉर्डातल्या सिस्टरना विचारल्याशिवाय बोटही लावायचं नाही. हॉस्पिटलमधून आलेलं जुनं मशीन निर्जंतुक झाल्याशिवाय टेबलावर घ्यायचं नाही. सुई किंवा ब्लेड निघालं तर ते पांढऱ्या डब्यात, साध्या कचऱ्यात नाही.

आणि अर्थिंग. वैद्यकीय उपकरणांचं आयईसी ६०६०१ हे मानक सांगतं की हृदयाला थेट जोडल्या जाणाऱ्या भागातून रुग्णाकडे जाणारा गळतीचा प्रवाह सामान्य स्थितीत १० मायक्रोअँपिअरच्या वर जाता कामा नये. म्हणजे १ अँपिअरचा १ लाखावा भाग! आपल्या बोटाला तो जाणवणारही नाही.

यावर एक सोपा धडा आहे. जुनी थ्री-पिन वायर घ्या. अर्थच्या हिरव्या वायरीतल्या सगळ्या तारा कापा, एकच ठेवा, आणि वरून टेप लावा. मुलांना मल्टिमीटरवर कंटिन्युइटी बघायला सांगा. बीप वाजते. सगळे म्हणतात, वायर चांगली आहे. मग टेप काढून दाखवा. बिघाड झाला, मोठा प्रवाह आला, की ती एक तार जळून जाणार, आणि मशीनचं धातूचं अंग जिवंत राहणार. म्हणूनच मानकात अर्थची चाचणी २५ अँपिअरसारख्या मोठ्या प्रवाहावर करतात. 'बीप वाजली म्हणजे झालं' हा समज या दहा मिनिटांत कायमचा जातो.

पण सर, आमच्याकडे बजेट नाही

हे नेहमीचं उत्तर. आणि दुसरं, 'मुलं मशीन मोडतील'. तिसरं, 'बॅच वीसची आहे'. एकेक घेऊ.

बजेटसाठी महाग मशीन लागतच नाही. बीपी मोजायचं साधं मशीन घ्या. पट्टा एका बाटलीला गुंडाळा, हवा भरा, व्हॉल्व्ह बंद करा आणि काटा किती खाली येतो ते मिनिटभर बघा. उतरला तर गळती आहे. कुठे? फुग्यात, नळीत, जोडात की व्हॉल्व्हमध्ये? एकेक भाग चिमटीत बंद करत शोधा. झालं की तुमचं प्लंबिंग! वर याच मशीनवर हेही दाखवता येतं की जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. मशीनमध्ये बिघाड नाही, वापरण्यात आहे.

मोडण्याच्या भीतीसाठी वेगळा संच करा. निकामी झालेले पॉवर सप्लाय, तुटक्या लीड, जुने सक्शन पंप. त्यांत आधीच ठरवलेले बिघाड घाला: फ्यूज गेलेला, ड्राय सोल्डर, आतून तुटलेली वायर, चोक झालेला फिल्टर, उलटा बसवलेला व्हॉल्व्ह. या कामात लॅब असिस्टंटना बरोबर घ्या. कॉलेजातलं कुठलं मशीन कुठे रुसतं हे बहुतेक वेळा त्यांनाच सगळ्यात चांगलं माहीत असतं, आणि त्यांना शिकवणाऱ्याच्या जागी उभं करायला आपण विसरतो.

वीस जणांच्या बॅचचं गणित असं. चार टेबलं, प्रत्येकावर एक बिघाड, प्रत्येक टेबलाला पाच विद्यार्थी, प्रत्येकाला एकट्याने दहा मिनिटं. पन्नास मिनिटांत सगळ्यांचे हात लागतात. बाकीचे तेवढा वेळ दुसरीकडे सोल्डरिंग किंवा लीड बनवण्याचं काम करतात, म्हणजे आधीच्याचं उत्तर ऐकू येत नाही. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये चर्चेलाही वेळ उरतो.

मार्क कशाचे द्यायचे? वहीत चार रकाने करा. काय दिसतंय. मला कशाची शंका आहे. ती तपासायला काय करणार. काय निघालं. तिसरा रकाना चौथ्याच्या आधी भरलेला असला पाहिजे, पेनने, खाडाखोड न पुसता. बिघाड सापडला नाही पण चार शंका क्रमाने तपासून बाद केल्या, तर चांगले मार्क. नशिबाने फ्यूज बदलला आणि मशीन चालू झालं, पण फ्यूज का गेला हे लिहिलंच नाही, तर कमी मार्क. हे जर्नल सीनियरकडून कॉपी करता येत नाही, कारण त्याच्या टेबलावर वेगळा बिघाड होता.

आणि तो २५ टक्क्यांचा भाग विसरू नका, वापरणाऱ्याशी बोलणं. एका विद्यार्थ्याला सिस्टर करा आणि दुसऱ्याला इंजिनिअर. 'मशीन सारखं ओरडतंय' एवढीच तक्रार. आता इंजिनिअरने प्रश्न विचारायचे. कधीपासून? कुठला रुग्ण लावला की? अलार्मची मर्यादा कुणी बदलली? उर्मटपणे विचारलं तर समोरची व्यक्ती 'मला नाही माहीत' म्हणून निघून जाते, हे मुलांना पहिल्याच फेरीत कळतं. शेवटी मशीन कसं वापरायचं हे मराठीत, दोन मिनिटांत, समोरच्याला कमी न लेखता समजावून सांगायचं. इंग्रजीत प्रेझेंटेशन देणारी कितीतरी मुलं इथे अडखळतात.

या आठवड्यात काय कराल

विद्यार्थी असाल तर तीन गोष्टी. एक साधा मल्टिमीटर घ्या, चौघांत मिळून घेतला तरी चालेल. घरातलं बीपीचं मशीन बाटलीला गुंडाळून तपासा. आणि पुढच्या प्रॅक्टिकलला किटच्या नॉबजवळ तुम्ही उभे राहा. रीडिंग लिहून घेणारे नेहमीच मिळतील.

शिकवत असाल तर या सत्रात फक्त एक प्रयोग बदला. एकच. त्यात एक बिघाड घाला, चार रकान्यांचं पान द्या, आणि मदत करायला धावू नका. तेवढं झालं की पुढच्या सत्रात दुसरा.

कोपऱ्यातल्या त्या मशीनवरचा कागद काढायला बहुतेक वेळा परदेशी पार्ट लागत नाही. कुणीतरी जवळ जाऊन, प्लगपासून सुरुवात करून, क्रमाने बघावं लागतं. त्या वॉर्डातल्या रुग्णाला त्याची आजच गरज असते.

तुमच्या लॅबमध्ये कुठला बिघाड शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागला, ते आम्हाला नक्की कळवा. चांगले बिघाड निघाले तर त्यांचा वेगळा भाग करू. भेटू पुढच्या वेळी. तोवर, प्लग आधी बघा. नमस्कार!